दिसलेल्या भागापुरतं

कळलं तो एप्रिलमधला मंगळवार होता. डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅनचा पडदा नवरा-बायको दोघांना दिसेल असा वळवला आणि पेनाच्या मागच्या टोकानं एक करडी जागा दाखवली. ते टोक चावून चावून पांढरं झालं होतं. “हा स्वादुपिंडाचा शेपटीकडचा भाग,” त्या म्हणाल्या, “सुरुवात इथून झाली असणार. आता लिव्हरमध्येही आहे.” गिरिधरराव त्या चावलेल्या टोकाकडे बघत राहिले. एवढ्या शिकलेल्या बाईनं पेन चावावं आणि तेच टोक आपल्या बायकोच्या पोटाच्या चित्रावर टेकवावं, याची त्यांना किळस आली. अशा वेळी माणूस घाबरतो, रडतो, त्याच्या पायांतलं बळ जातं, असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांचं तसं काही झालं नाही. आधी किळस आली, आणि तिच्या मागोमाग ‘शेपूट’ हा शब्द ओळखीचा वाटला. स्वादुपिंडाला शेपूट असते हे त्यांना ठाऊक होतं. कुठे वाचलं होतं तेही ठाऊक होतं. शेजारी श्रीरंजनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती. तिनं विचारलं, “दहावीचे पेपर आहेत माझ्याकडे तपासायचे. तेवढे होतील की?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतील. पेपर झाले. जून संपायच्या आत श्रीरंजनी गेली.

सप्टेंबरात गिरिधरराव ऑफिसात बसून एक अर्ज वाचत होते. अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या चेन्नईतल्या कार्यालयात ते बावीस वर्षं होते आणि त्यांचं काम वाचण्याचं होतं. केंद्रं अहवाल पाठवत, हे पेन्सिल घेऊन वाचत. केंद्रातल्या पाइपांचे काही ठरावीक जोड दर दहा वर्षांनी तपासावे लागतात. एखादा जोड नीट तपासता येत नसेल तर केंद्र अर्ज करतं, की एवढ्यापुरतं आम्हाला मोकळं करा. ऑफिसात त्याला रिलीफ म्हणत. तमिळ मंडळी गमतीनं ‘निवारणम’ म्हणत, पुरात घरं बुडालेल्यांना सरकार तांदूळ देतं तो शब्द. गिरिधररावांच्या तंजावरी मराठीतही तोच आला होता, निवारण. दुखण्याच्या गोळीलासुद्धा तमिळमध्ये ‘वलि निवारणी’ म्हणतात. ती गोळी त्यांनी एप्रिल ते जून तिरुवोट्टियूरच्या एकाच दुकानातून आणली होती. शेवटी शेवटी दुकानदार त्यांना लांबून बघूनच पाकीट काढून ठेवायचा, आणि ठेवताना डोळ्यांत दया आणायचा. ती दया त्यांना नको असायची. पाकीट तेवढं हवं असायचं.

हा अर्ज दुसऱ्या राज्यातल्या, समुद्रकाठच्या एका केंद्राचा होता. अणुभट्टीच्या भांड्याला जिथे मोठा पाइप मिळतो तिथला एक जोड. त्याच्यासमोरच पाइपाचा लोखंडी आधार आलेला, म्हणून तपासणीचं यंत्र जोडाच्या सगळ्या अंगाला लावता येत नाही. शंभरातले एकसष्ट भाग पाहिले होते. खाली वाक्य होतं: जोडाच्या ज्या भागापर्यंत पोचता आलं त्या भागात नोंद घेण्यासारखं काही आढळलं नाही. गिरिधररावांच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं, पातळ आणि खारट. ते उठून बेसिनपाशी गेले. ओकारी झाली नाही. बेसिनमध्ये कुणाच्या तरी डब्यातले रसमचे मोहरीचे दाणे चिकटले होते, त्यांच्याकडे बघत ते उभे राहिले. बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी हजार वेळा वाचलं असेल. कुठल्याही केंद्राचा अहवाल घ्या, ते असतंच, भाताबरोबर लोणचं असतं तसं. त्यात खोटं काही नसतं. नेमकं म्हणूनच ते इतकं घाणेरडं आहे हे त्यांना आजपर्यंत कधी दिसलं नव्हतं.

आणि हेच वाक्य मागच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घरात आलं होतं. श्रीरंजनी एन्नोरच्या शाळेत गणित शिकवायची. पोटात डावीकडे काहीतरी ओढल्यासारखं होतं, पाठीत जातं, असं ती महिनाभर म्हणत होती, म्हणून ते तिला सोनोग्राफीला घेऊन गेले. तिच्या पोटावर त्या पोरसवद्या डॉक्टरनं थंड जेली ओतली, तेव्हा ती दचकली, आणि गिरिधररावांनी तिला धीर द्यायला म्हणून सांगितलं, “आमचंच यंत्र आहे हे. आम्हीपण लोखंडाला अशीच जेली फासतो. आवाज आत सोडायचा, परत काय येतं ते बघायचं.” ती पडल्या पडल्या म्हणाली, “म्हणजे मी लोखंड की?” डॉक्टरही हसला. नंतर तिच्या पोटावरची जेली त्यांनीच कागदी रुमालानं पुसली. नीट पुसली गेली नाही, रिक्षात ती म्हणत होती, साडी चिकटते आहे, शी! आता ती जेली त्यांना बोटांवर जाणवायची. साबणाला हात लावला की जाणवायची. दोशाच्या पिठात हात घातला की जाणवायची, म्हणून त्यांनी पीठ विकत आणणंच बंद केलं होतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी रिपोर्ट वाचला. यकृत ठीक, मूत्रपिंडं ठीक. स्वादुपिंड: दिसलेल्या भागापुरतं नॉर्मल, शेपटीकडचा भाग आतड्यातल्या वायूमुळे झाकलेला. शेवटी, विशेष काही नाही.

“काय लिहिलंय?” श्रीरंजनीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“बाईंना गॅस आहे म्हणून लिहिलंय.”

“चुम्मा, उगाच काहीतरी सांगू नका. असं लिहितात की?”

“छापून दिलंय. सही-शिक्क्यासकट.”

“अय्यय्यो! ते आधी लपवून ठेवा. तुमच्या लेकीनं, कीर्तनानं बघितलं तर सगळ्या भावंडांत फोटो फिरवेल.”

दोघं पोट धरून हसली होती. ती खरोखरच पोट धरून, डाव्या बाजूनं. पुढं कितीतरी महिने तो विनोद घरात राहिला. ती जेवण अर्धवट टाकून उठली की ते म्हणायचे, वायुदेव पावले. ती रात्री उशीला टेकून बसून झोपायला लागली तेव्हा ते तिला ओमवॉटर आणून द्यायचे, ओव्याच्या त्या अर्काची बाटली, आणि ती नाक मुरडून प्यायची. माणूस आपल्या बायकोच्या मरणावर आठ महिने विनोद करत राहतो आणि तिला हसवतो. हे आठवलं की गिरिधररावांना आपल्याच तोंडाची शिसारी येई. दात घासताना आरशात बघणं त्यांनी सोडून दिलं होतं.

सोमवारी केंद्राकडून तपासणीचा इंजिनिअर आला. उन्मेष नाव, पुण्याकडचा, चाळिशीचा, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि हातात मिठाईचा डबा.

“सर, तुम्ही मराठी आहात हे कळलं आणि जिवात जीव आला,” तो म्हणाला. “आठ दिवस ‘सर’च्या जागी नुसतं सार, सार ऐकतोय.”

“होय की. आमच्या घरी मराठीच.”

“पण तुमचं मराठी काही वेगळंच आहे हं, सर. बखरीतल्यासारखं.”

“आमची माणसं तंजावरला आली, त्याला झाली तीनशे-साडेतीनशे वर्षं. नंतर तुमच्या तिकडचं कोणी आलं नाही, भाषा बदलली म्हणून सांगायला.”

उन्मेष मोकळेपणानं हसला. गिरिधररावांनी अर्ज पुढे ओढला. “हे निवारण तिसऱ्यांदा मागता तुम्ही. काय म्हणून?”

“निवारण नाही सर, सूट. आमच्याकडे निवारण म्हणजे ती गोष्टच नाहीशी करणं. शंकानिवारण, रोगनिवारण, तसं.”

“बरं. मग तुम्ही काय नाहीसं करता? भेग की तपासणी?”

“भेग आहे असं कोण म्हणालं?”

“नाही असं कोण म्हणालं?”

उन्मेषनं डबा बाजूला सरकवला. आता त्याच्या आवाजातला पाहुणा गेला होता. “सर, स्पष्ट बोलू? तो आधार कापायचा तर चार वेल्डर आत पाठवावे लागतील. चौघंही कंत्राटी. मी त्यांना नावानं ओळखतो. माणसानं वर्षभरात घ्यायची किरणांची मात्रा ते तीन पाळ्यांत घेतील. कशासाठी? वीस वर्षं काही झालेलं नाही त्या जोडाला. तुम्ही इथे एसीत बसून पेन्सिल चालवणार, आणि आत ते जाणार.”

माणूस खरं बोलत होता. अर्जात ‘अवाजवी अडचण’ असा शब्द होता, आणि त्या अडचणीत चार माणसं होती, त्यांची हाडं, त्यांचं रक्त. त्या खरेपणाचाही त्यांना वीट आला. सगळेच खरं बोलत होते. डॉक्टर खरं बोलला होता, यंत्र खरं बोललं होतं.

“आणि सर,” उन्मेष जाता जाता म्हणाला, टोमणा की विनंती कळू नये असा, “आधीच्या दोन्ही वेळेला शिफारस तुमचीच आहे.”

तो गेल्यावर त्यांनी जुन्या फायली काढल्या. वीस वर्षांपूर्वीची, आणि दहा वर्षांपूर्वीची. दोन्हींत तेच वाक्य, दोन्हींत त्याच्याखाली पेन्सिलची रेघ, आणि समासात त्यांची खूण. बरोबरची बारीक खूण आणि तिच्या पोटात टिंब. ही खूण त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतःसाठी काढली होती. अर्थ असा, की मर्यादा पाहिली, मान्य आहे, पुढे चला. सगळ्या ऑफिसला ती माहीत होती. टायपिस्टबाई कमलिनी तिला ‘सारांचा तीळ’ म्हणायची. दहा वर्षांपूर्वीच्या पानावरची रेघ जरा गिचमीड होती. तो कदाचित शुक्रवार असेल, श्रीरंजनी सिनेमाची तिकिटं काढून खाली उभी असेल. कोण जाणे. न पाहिलेल्या एकोणचाळीस भागांबद्दल त्यांनी दोन्ही वेळेला एक ओळसुद्धा विचारली नव्हती.

दुपारी गुरुमूर्तींनी बोलावलं. हे विभागप्रमुख, गिरिधररावांहून तीन वर्षांनी लहान, तमिळमध्ये बोलताना त्यांना ‘गिरि सार’ म्हणत. ते उन्मेषनं दिलेला म्हैसूरपाक खात होते. “गुरुवारी समिती आहे,” ते म्हणाले, “तपासणीसाठी बंद ठेवलेलं केंद्र नऊ दिवसांत सुरू व्हायचं आहे. तुमची शिफारस अजून नाही.”

“वाचतो आहे.”

“यात वाचण्यासारखं काय आहे? मागचीच आहे.” त्यांनी तुपाचं बोट फायलीच्या कडेला पुसलं. मग आवाज खाली आणला. “गिरि सार, तुम्हाला वाईट वाटू नये. पण दुःखाचा राग लोखंडावर काढू नका. हवं तर हे काम दुसऱ्याला देतो. तुम्ही चार दिवस गावी जाऊन या. वहिनींनी फार दिवस काढले नाहीत, हेच भाग्य समजा.”

“नको,” गिरिधरराव म्हणाले. “काम माझंच आहे.”

तुपाचा तो डाग कागदाच्या कडेनं आत पसरत होता. ते जागेवर येऊन बसले, पण गुरुमूर्तींचं बोलणं त्यांच्याबरोबर आलं. हा राग लोखंडावरचा आहे की आपला? श्रीरंजनी जिवंत असती तर आपण पहिल्याच वाचनात तीळ ठेवून मोकळे झालो असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग आज जे दिसतंय ते बायको मेल्यामुळे दिसतंय. असं दिसलेलं खरं धरायचं की नाही? चार वेल्डरांना आत पाठवायला एका विधुराची मळमळ पुरते का? त्यांनी दोनदा हिशेब मांडला, धातूचं वय, दाब, तापमान, दुसऱ्या केंद्रांत अशा जोडांना काय झालं ते. हिशेबातून उत्तर आलं नाही. हिशेबातून एवढंच आलं, की एकोणचाळीस भागांत काय आहे ते कुणालाच माहीत नाही, आणि त्या भागावर दाब जास्त आहे.

घरी आल्यावर त्यांनी गोदरेजचं कपाट उघडलं. एप्रिलपासून तो ऑगस्टचा रिपोर्ट त्यांनी पाहिला नव्हता. श्रीरंजनीनं तो ‘इतर’ असं लिहिलेल्या फायलीत लावला होता, सिलिंडरच्या पावत्यांमध्ये. तिचाच विनोद असणार, गॅसमध्ये गॅस. पाच महिने गिरिधररावांनी मनाशी एक समजूत धरली होती: ती ओळ आपण गमतीपुरती वाचली, तिच्यातली मर्यादा नजरेतून सुटली. थकलो होतो, हसत होतो, वाचता वाचता पुढे गेलो. माणसाकडून सुटतं. या समजुतीवर ते जेवत होते, झोपत होते. त्यांनी कागद खिडकीपाशी नेला. ‘दिसलेल्या भागापुरतं’ या शब्दांखाली पेन्सिलची सरळ रेघ होती. ‘झाकलेला’च्या खालीही होती. आणि समासात, बारीक, नेटकी, पोटात टिंब असलेली, त्यांची खूण होती.

ते स्टुलावर बसले. मर्यादा सुटली नव्हती. त्यांनी ती पाहिली होती, तिच्याखाली रेघ ओढली होती, मान्य केली होती, आणि मग बायकोला हाक मारून विनोद सांगितला होता. हात आपलं काम चोख करून मोकळा झाला होता. त्यांनी उजव्या हाताच्या बोटांकडे बघितलं. पेन्सिल धरून मधल्या बोटाला घट्टा पडला होता, पिवळट, चकाकणारा. तो कापून टाकावा असं वाटलं, पायाच्या कुरुपासारखा. टेबलावर श्रीरंजनीचा कंपास होता, त्यात तिचं खोडरबर होतं, एका कोपऱ्यात झिजलेलं. ते त्यांनी हातात घेतलं. त्याला तिच्या शाळेचा वास होता. दोन रेघा आणि एक तीळ, अर्ध्या मिनिटाचं काम.

तेवढ्यात कीर्तनाचा फोन आला. ती बंगळुरूला नोकरी करते. मराठीत सुरू करते आणि तमिळमध्ये संपवते.

“अप्पा, जेवलात?”

“होय की.”

“काय जेवलात?”

“दहीभात.”

“रोज दहीभातच सांगता तुम्ही. बरं ऐका, शनिवारी येते. आईचे सगळे रिपोर्ट काढून ठेवा. माझ्या मैत्रिणीचा नवरा कॅन्सरचा डॉक्टर आहे, त्याला दाखवते. ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत कुणाला काहीच कळलं नाही, हे मला पटत नाही.” ती थांबली. “ऑगस्टचा तुम्ही वाचलात ना?”

“वाचला.”

“तुम्ही तर जगाचे रिपोर्ट वाचता. काय होतं त्यात?”

“नॉर्मल लिहिलं होतं,” गिरिधरराव म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना ती खारट लाळ पुन्हा जाणवली. वाक्य खोटं नव्हतं. दिसलेल्या भागापुरतं खरं होतं. या वेळी ते बेसिनपर्यंत पोचले आणि दहीभात सगळा पडला. तोंड धुऊन ते परत आले, तरी खोडरबर मुठीतच होतं, ओलं झालेलं. त्यांनी ते कंपासात ठेवलं आणि झाकण लावलं.

बुधवारी त्यांनी शिफारस लिहिली. कमलिनीला सांगितलं नाही, स्वतःच टाइप केली. लिहिलं ते असं: जोडाचा एकसष्ट टक्के भाग पाहिला आहे. एकोणचाळीस टक्के भाग वीस वर्षांत एकदाही पाहिलेला नाही. त्यात दोष नाही असं म्हणायला आधार नाही. याआधीच्या दोन्ही शिफारशी मी केल्या होत्या, आणि दोन्ही वेळी न पाहिलेल्या भागाबद्दल काही विचारलं नव्हतं. ती माझी चूक होती. सूट देऊ नये. आधार काढून जोड पूर्ण तपासावा. आत जाणाऱ्या चार कामगारांना किती मात्रा बसेल आणि ती कमी कशी करता येईल, हे केंद्रानं समितीपुढे त्यांच्या नावांसह मांडावं, ‘अडचण’ या शब्दात नाही.

गुरुमूर्तींनी उभ्यानंच वाचलं. “हे ‘माझी चूक’ काढून टाका,” ते म्हणाले. “चौकशी मागे लागेल. दोन वर्षं राहिली आहेत तुमची.”

“राहू दे ते.”

“समिती तुमचं ऐकेलच असं नाही.”

“ते समिती बघेल.”

समितीनं गुरुवारी निर्णय दिला नाही. केंद्राकडून आकडे मागवले आणि पंधरा दिवसांनी बसायचं ठरवलं. उन्मेषनं जाताना नमस्कार केला नाही. गिरिधररावांना त्याचा राग आला नाही. बरंही वाटलं नाही. त्या चौघांचे चेहरे कसे असतील, हा विचार करत ते जिना उतरले.

शनिवारी सकाळी कीर्तना आली. आईसारखीच दारात चपला एकात एक घालून ठेवते. ‘इतर’ची फाइल मांडीवर घेऊन ती जमिनीवर बसली, सिलिंडरच्या पावत्या बाजूला काढत गेली, आणि एका कागदावर थांबली. गिरिधरराव कॉफी गाळत होते. त्यांना तिची पाठ दिसत होती, मानेवरचे केस दिसत होते.

“अप्पा,” ती म्हणाली, “इथे कुणीतरी रेघ मारली आहे. पेन्सिलनं. टिकपण केली आहे.”

डिकॉक्शन थेंब थेंब पडत होतं.

“म्हणजे त्या लॅबवाल्या डॉक्टरनं बघितलं होतं! झाकलं आहे म्हणून त्याला कळलं होतं, अंडरलाइन केलं, आणि तसंच सोडून दिलं. पुन्हा या, सीटी करा, एवढं सांगता येत नव्हतं? ची! कसली माणसं आहेत ही.” तिनं कागदाचा फोटो काढला. “मी सोडणार नाही त्याला. तक्रार करते. सोमवारी पाठवते.”

“कॉफी घे,” गिरिधरराव म्हणाले, आणि पेला तिच्यापुढे ठेवला. तिनं घेतली. कॉफीवर साय धरली होती, ती तिनं बोटानं काढून पेल्याच्या कडेला लावली, लहानपणापासून लावते तशी. ते समोरच्या खुर्चीत बसले. कागद दोघांच्या मध्ये होता.

ती रात्रीच्या गाडीनं परत गेली. आज रविवार आहे. तक्रार उद्या जाईल. ती खूण कुणाची आहे, हे कीर्तनाला सांगायचं राहिलं आहे.